लाल वही आणि काळी तबकडी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजही अनेक पेढ्यांवर लाल कापडी बांधणीची नवी वही पाटावर मांडली जाते. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो आणि मुहूर्त झाला की व्यवहाराची नोंद मात्र संगणकातच होते. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र त्या वहीवरून भरले जाणार नाही, हे पूजेला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही एखाद्या वर्षी वही आणायची राहिली, तर घरातील वडीलधाऱ्यांना ती उणीव दिवसभर बोचत राहते.

संगीताच्या बाजारात अलीकडे जे घडत आहे, ते समजून घ्यायला ही लाल वही उपयोगी पडते. ज्या काळ्या तबकड्यांना तीस-पस्तीस वर्षांपूर्वी रद्दीचा भाव आला होता, त्या पुन्हा छापल्या जात आहेत. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, तर सीडी सुमारे ३ कोटी ३० लाख. तबकड्यांच्या संख्येने सीडींना मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. मात्र त्याच वर्षी तेथील ध्वनिमुद्रित संगीताच्या एकूण उत्पन्नापैकी ८४ टक्के उत्पन्न इंटरनेटवरून ऐकविल्या जाणाऱ्या संगीताचे होते, हा आकडाही शेजारी मांडून पाहिला पाहिजे. बाजार तबकडीकडे परतलेला नाही. रोजचे ऐकणे मोबाइलवर होते आणि तबकडी त्याखेरीज विकत घेतली जाते. ल्युमिनेट या बाजार-पाहणी करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात तर असे आढळले की, अमेरिकेत वर्षभरात तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजविण्याचे यंत्र होते. उरलेल्या निम्म्यांनी ती कशासाठी घेतली असावी, हे पाटावरच्या कोऱ्या वहीला विचारावे.

भारतात तबकडीचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गाणे संपताना त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. मूळ साचे जर्मनीतील हॅनोवर येथे जात, तबकड्या तेथे तयार होत आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे, यासाठी ही सोय असल्याचे सांगितले जाते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच, सियालदह येथे, कारखाना उभा राहिला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना त्या मापात बसणे अवघड होते. काहींनी ते नाकारले. मिरजेला स्थायिक झालेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी ते स्वीकारले आणि त्यांच्या त्या तीन मिनिटांतही राग पूर्ण झाल्याचा प्रत्यय आजही येतो.

या जुन्या तबकडीविषयीची एक गोष्ट जैन वाचकाला थोडी थबकविणारी आहे. ती लाखेची असे. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या बारीक कीटकांचा तो स्राव. फांद्या तोडून ती लाख खरवडताना त्या जिवांचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात ही यादी येते आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही येते. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा छोटा नागपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातून जाई. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढावी लागली, इतका हा व्यापार मोठा होता. लाखेच्या धंद्याला शिवायचे नाही असा नियम पाळणाऱ्या कित्येक घरांच्या दिवाणखान्यात कर्ण्याचा ग्रामोफोन मात्र कौतुकाने आला. तबकडी कशाची केलेली आहे, असे विचारणारा त्या वेळी बहुधा कोणी भेटला नसावा.

लाखेची सद्दी संपविली ती दुसऱ्या महायुद्धाने. लाख युद्धसामग्रीलाही लागत असल्याने १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठी तिचा वापर एकदम कमी करायला लावला आणि पर्यायी पदार्थांचा शोध जोराने सुरू झाला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हिनाइल या प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू लागले. आज ज्या तबकडीचे पुनरागमन झाले म्हणतात, ती हीच. तिच्यात जीवहिंसा नाही, पण खनिज तेलापासून केलेले प्लास्टिक आहे. तेव्हा ‘जुने ते निसर्गाच्या जवळचे’ असे समजून ती घेणाऱ्याने आपला हिशोब तपासून पाहावा.

तबकडीचा आवाज अधिक चांगला असतो का, हा प्रश्न या विषयात नेहमी निघतो. मोजमापाच्या कसोटीवर उत्तर नकारार्थी आहे. तबकडीवरची चर म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची एक लांबच लांब खाच. तिच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो. मंद्र स्वर पूर्ण जोराने कोरले, तर खाच शेजारच्या खाचेत शिरेल. म्हणून कोरताना मंद्र दाबतात, तार वाढवितात आणि वाजविताना यंत्र हे उलटे करून मूळ तोल परत आणते. शिवाय सुई जसजशी मध्याकडे सरकते, तसतसा तिच्याखालून जाणारा खाचेचा वेग घटतो. काठाजवळ तो सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो, तर शेवटच्या गाण्यापाशी २० च्या आसपास येतो. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते आणि बारकावे घासटतात. १९८२ मध्ये आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची मोजणी करते आणि अतिशय हळू व अतिशय मोठा आवाज यांतील अंतर तबकडीपेक्षा पुष्कळ अधिक सांभाळते. तबकडीचा जो ‘उबदारपणा’ वाखाणला जातो, त्यातील काही भाग या मर्यादांचाच परिणाम आहे. तो कानाला गोड वाटतो यात शंका नाही, पण गोड वाटणे आणि मुळाशी प्रामाणिक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

२०२२ मध्ये याविषयी एक गमतीदार प्रकरण उघडकीस आले. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ फितीवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध. डिजिटलचा स्पर्शही नसलेला आवाज, म्हणून दर्दी लोक त्यांची स्तुती करीत. त्यांतील अनेक तबकड्यांच्या निर्मितीत मधली एक पायरी डिजिटलच होती आणि हे कित्येक वर्षे चालू होते, असे निष्पन्न झाले. प्रकरण न्यायालयात गेले. आपण फसविले गेलो हा ग्राहकांचा राग योग्यच होता, परंतु तोपर्यंत त्यांच्यापैकी कोणाच्याही कानांनी तक्रार केली नव्हती.

मग ओढ कशाची आहे? तिची खरी कारणे दोन दिसतात, आणि दोन्ही व्यापारी घराला समजायला सोपी आहेत.

पहिले कारण मालकीचे. दरमहा वर्गणी भरून मोबाइलवर गाणी ऐकणारा मनुष्य त्या गाण्यांचा मालक नसतो. ध्वनिमुद्रण कंपनी आणि गाणी ऐकविणारी सेवा यांच्यातील करार चालू आहे तोवर त्याला ऐकण्याची परवानगी असते, इतकेच. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न जमल्याने तिची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. ज्यांनी ती आवडीच्या यादीत जपली होती, त्यांच्या यादीत नुसती नावे उरली. घर आपले समजून रंगरंगोटी करावी आणि दोन घरमालकांच्या भांडणात आपले सामान रस्त्यावर यावे, तसाच हा प्रकार. २००९ मध्ये ॲमेझॉनने विकत दिलेले एक पुस्तक हक्कांच्या वादामुळे वाचकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकले. पैसे परत मिळाले, पण शेल्फातले पुस्तक असे कोणी रात्रीतून नेत नाही. मायस्पेसवर लोकांनी २००३ ते २०१५ या काळात चढविलेली सुमारे ५ कोटी गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली, हे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यांतील बरीच गाणी हौशी मंडळींची होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तबकडीचे असे होत नाही. ती फुटेल, वाकेल, पण तिच्यावरचा हक्क कोणी परस्पर काढून घेत नाही.

दुसरे कारण मर्यादेचे. वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपते, सुई उचलावी लागते, उठावे लागते. पुढे ऐकायचे की थांबायचे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. मोबाइलवरचे संगीत मात्र आपण होऊन थांबत नाही. एक गाणे संपण्याआधी दुसरे हजर असते आणि संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग-परिमाण सांगितले आहे, त्यातील ‘परिमाण’ हा शब्द येथे आठवतो. कोणी म्हणेल की, घरात एकही वस्तू न साठविता सारे संगीत हवेतून ऐकणे, हाच खरा अपरिग्रह. युक्तिवाद चतुर आहे, पण टिकत नाही. खिशात कोट्यवधी गाणी असणाऱ्याची इच्छा कमी झालेली नसते, तिला ठेवायला कपाट लागत नाही एवढेच. उलट चाळीस तबकड्यांच्या एका फळीला काठ असतो. त्याचबरोबर हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की, चाळीसच्या चारशे झाल्या आणि सीलबंद पाकिटे न उघडता भाव वाढण्याची वाट पाहू लागली, की तो परिग्रहच होय. जुन्या हिंदी चित्रपटांच्या लोकप्रिय तबकड्या हजारोंनी छापल्या गेल्या होत्या. मुंबईच्या चोर बाजारात त्या आजही मिळतात. त्यांच्याकडे गुंतवणूक म्हणून पाहणारा बहुधा निराश होईल.

येथवरची चर्चा बाजारात मिळणाऱ्या संगीताची झाली. जैन घरांच्या दृष्टीने अधिक निकडीची गोष्ट तबकड्यांच्या शेजारीच, त्याच माळ्यावर, बुटांच्या जुन्या खोक्यात पडून आहे.

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि १९८० च्या दशकात ती भारतातल्या घराघरांत पोहोचली. तबकडी फक्त ऐकता येई. कॅसेटवर आवाज भरताही येई. त्यामुळे प्रथमच सामान्य कुटुंबाच्या हाती ध्वनिमुद्रण आले. चातुर्मासात गावी विराजमान असलेल्या महाराजांची प्रवचने कोणा उत्साही श्रावकाने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरून घेतली. अनेक साधू-साध्वी ध्वनिवर्धक वापरीत नाहीत. त्यामुळे या मुद्रणांत आवाज दुरून येतो, मध्येच लहान मुले रडतात, पंक्तीतले कोणी खोकते. आजीने म्हटलेले स्तवन, तपाच्या पारण्यानिमित्त बायकांनी गायिलेली गीते, परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी पाठविलेली कॅसेट आणि त्याच्याकडून आलेले उत्तर असे सारे त्या खोक्यांत असते. जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहायची ठरते, भावाभावांत वाटण्या होतात, दागिने तोलले जातात, भांड्यांची यादी होते. या खोक्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. वाजवायला यंत्र नाही, आत काय आहे ते माहीत नाही, म्हणून ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढते.

व्हिनाइलच्या तबकडीवर जे आहे, ते जगात हजार ठिकाणी आहे. ती हरवली तर हळहळ वाटेल, नुकसान फारसे होणार नाही. या कॅसेटवर जे आहे, ते फक्त तिच्यावरच आहे. आणि तिचे आयुष्य भरत आले आहे. कॅसेटमधील फीत ३.८ मिलिमीटर रुंद आणि केसाहूनही पातळ असते. तिच्यावरील चुंबकीय लेप ज्या द्रव्याने चिकटविलेला असतो, ते दमट हवेत हळूहळू सुटते. कोकण-मुंबईच्या पावसात तिच्यावर बुरशी चढते. चाळीस वर्षांपूर्वीची फीत अजून वाजत असेल, तर ते नशीब समजावे. पुढच्या दहा वर्षांचा भरवसा कोणी देऊ शकणार नाही.

एकमेव प्रत म्हणजे काय, हे जैन समाजाला नव्याने सांगण्याची गरज नसावी. षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके दक्षिणेत मूडबिद्री येथे ताडपत्रावर, जुन्या कन्नड लिपीत सुरक्षित होती. यात्रेकरू त्या पोथ्यांचे दर्शन घेत. वाचणारे मात्र जवळजवळ कोणी उरले नव्हते आणि ताडपत्रे झिजत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी या व्यापारी गृहस्थांनी प्रती करून घेण्याचा ध्यास घेतला. ते काम सोपे नव्हते. संमती मिळविणे, लिपी जाणणारे पंडित शोधणे, नागरीत उतरविणे यांत वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. त्या दोन व्यापाऱ्यांनी प्रत होताच मूळ पोथी निरुपयोगी ठरविली नाही, आणि मूळ पवित्र आहे म्हणून प्रत टाळलीही नाही. घरातील खोक्याच्या बाबतीत हीच रीत चालते. फरक इतकाच की, या कामाला आता वर्षे लागत नाहीत. काही रविवार पुरतात.

कॅसेट वाजविण्यापूर्वी पारदर्शक खिडकीतून पाहून घ्यावे. फितीच्या गुंडाळीवर पांढरट भुकटी दिसली, तर ती बुरशी असते. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगली असेल तर पाठीमागच्या कडेचे दोन छोटे कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवावी. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून तार संगणकाला जोडली की, आवाज उतरवून घेता येतो. पहिली प्रत एमपीथ्री या आटविलेल्या स्वरूपात न करता वेव्ह स्वरूपात करावी. तासाच्या कॅसेटला सुमारे ६०० एमबी जागा लागते, म्हणजे शंभर कॅसेट १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहज मावतात. मात्र एकाच पेनड्राइव्हवर विसंबणे म्हणजे सारी रक्कम एकाच उशीखाली ठेवणे. एक प्रत घरी, एक मुलीच्या किंवा भावाच्या घरी दुसऱ्या गावी आणि एक इंटरनेटवरील साठ्यात, अशी विभागणी बरी. मूळ कॅसेट टाकू नये.

त्याच कपाटात जुन्या तबकड्या निघाल्या, तर त्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की वाकतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच व्हिनाइलच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, तेव्हा दोहोंना एकच सुई चालत नाही. ग्रामोफोनची पोलादी सुई व्हिनाइलवर ठेवली, तर एका फेरीत ती तबकडी कायमची जाते. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये. लाख त्यात विरघळते. मऊ कोरडे कापड पुरे.

या साऱ्या खटाटोपात यंत्राला जमणार नाही असा एक भाग उरतो. बहुतेक कॅसेटवर नाव नसते. असले तर ‘चातुर्मास, भाग ३’ एवढेच. कोणते गाव, कोणते वर्ष, बोलणारे महाराज कोण, मध्ये प्रश्न विचारणारा तो घोगरा आवाज कोणाचा, स्तवनातली दुसरी बाई मावशी की आत्या, हे सांगू शकणारी माणसे आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, अनेक ठिकाणी पोथ्या बाहेर काढून त्यांची धूळ झटकली जाते, वेष्टने बदलली जातात. दिवाळीसाठी जमलेले कुटुंब त्या दिवसापर्यंत बहुधा एकत्र असते. लक्ष्मीपूजनाला आणलेली लाल वही तोवर कोरीच असते. खोके खाली काढावे, एकेक कॅसेट लावावी, आणि थोरल्या काकूंना ऐकवून जे जे नाव त्या सांगतील, ते क्रमांक घालून त्या वहीत उतरवून घ्यावे.